तायडीला भेटायला गेलो तेव्हा

आता काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी माझी अक्कल बहुतेक सांगलीच्या स्टँडवरच राहिली!

गोष्ट सत्तर सालानंतरची. आजही नव्या गुळाचा वास आला की ते घर आठवतं, आणि परत एकदा जाऊन यावंसं फार वाटतं.

माझा एम.ए.चा प्रबंध होता. ज्यांना जन्मापासून समज फार कमी, बोलता-चालता येत नाही, अशा माणसांवर. आमच्या सरांचा एकच हट्ट. "नुसतं आईबापांना विचारून येऊ नका. त्या माणसालाच भेटा. त्याला वगळलंत, तर प्रबंध वाचणार नाही!"

इस्लामपूरजवळच्या एका गावात अशी मुलगी असल्याचं कळलं. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग, असा मी निघालो. घर माहीत नव्हतं, म्हणून पारावरचे एक फेटेवाले आबा बरोबर आले. हे आबा गावातल्या सगळ्या सोयरिकी जमवतात, हे मला कोण सांगणार? त्यात दिवस तुळशीच्या लग्नानंतरचे!

घरभर नव्या गुळाचा वास होता. पोहे आले. मागोमाग मान खाली घालून एक मुलगी येऊन बसली. मला वाटलं, हीच ती. मी मोठ्यानं, सावकाश विचारलं, "नाव काय तुझं?"

"सुशीला."

वा! मी पिशवीतून मणी काढले. "हा रंग कोणता?"

"तांबडा."

"चालून दाखव बरं."

चालली की! तुम्हीच सांगा, मुलगी बघायला येणारे तरी तेव्हा वेगळं काय विचारायचे?

मी आनंदानं तिच्या वडिलांना म्हणालो, "काका, हिच्यात काहीच दोष नाही हो!"

"म्हंजी पसंत! आगं, साखर आण!"

कपाळाला हात लावून मी खरं काय ते सांगितलं. मग सुशीलाची आई हळूच म्हणाली, "ती थोरली. तायडी. आत ठिवलीया. सोयरीक मोडंल म्हून." तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

तायडीला बाहेर आणून उशांना टेकून बसवलं. मी तिच्यापुढे तांबडा मणी धरला. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्या बाजूला गेलो, तिनं या बाजूला फिरवलं. आता सरांना काय सांगू?

"हिला काही कळत नाही वाटतं," मी पुटपुटलो.

सुशीला उसळली. "कळतंय की! न्हाई म्हणत्या ती. तिचं न्हाई असंच असतंय."

आबांनी मात्र अजून आशा सोडली नव्हती. "त्ये ऱ्हाऊ द्या. पोरगा शिकल्याला हाय. सुशे, तुजं काय म्हणणं?"

सुशीलानं मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.