कचेरीचे अकरा

परवा नेट कॅफेत मैत्रीण म्हणली, तुझा तो जुना तालुका कुठंच दिसत न्हाई. लई शोधलं तिनं. जालना जिल्हा दिसतो, आताचा तालुका दिसतो, आमचा जुना बिलकुल न्हाई. मंग हसून म्हणली, "फेकतेस काय गं?" तवापासून डोकं सरकलंय माझं, म्हणून हे टाइप करून राह्यले. चुका झाल्या तर झाल्या. नेटवर न्हाई म्हंजे नव्हतंच, असं कुठं असतंय का.

तर आमचं गाव निजामाच्या टायमाला तालुक्याचं ठिकाण होतं. गावाबाहेर दगडी कचेरी, कचेरीत तहसीलदार, आन व्हरांड्यात साखळीला टांगलेला तास. तास म्हंजे जाड पितळी थाळी. लाकडी मोगरीनं तिच्यावर टोले हाणायचे, जितके वाजले तितके. माझे आजोबा तिथं शिपाई होते, टोले तेच द्यायचे. पुढं निजाम गेला, राज्यं इकडची तिकडं झाली, कोण्या सायबानं नकाशावर रेघ मारली आन आमचा तालुका संपला. सायब गेले, टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. तास राह्यला, कारण बैलगाडीत जागा उरली नव्हती. आजोबांना कुणी थांब म्हणलं न्हाई, म्हणून ते वाजवतच राह्यले.

आन हा आमचा तास रेडिओच्या अर्धा तास मागं होता. का, तर शेवटचा तहसीलदार रोज उशिरा यायचा, आन सायब पायरी चढल्याबिगर दहा वाजवायची आजोबांची टाप नव्हती. सायब आला की दहा. सायब बदलून गेला, तालुका गेला, दहा तिथंच राह्यले. शाळा, लग्न, सगळं कचेरीच्या टायमावर. एसटीला नवा ड्रायव्हर आला की थोडे दिवस भांडायचा, मंग त्या अर्ध्या तासात गपचूप चहा प्यायला शिकायचा.

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा झाला तवा म्हातारे लई खूष झाल्ते. औरंगाबादचे हेलपाटे संपले, आता आपला तालुकाबी वापस येतो म्हणे. आला न्हाई. मी जिल्ह्याच्या मागनं जन्मले, म्हणून गावात मला 'जिल्ह्याच्या पाठची' म्हणायचे. मी शाळेत असताना नवा तालुका झाला खरा, पण भलत्याच गावाला, आन आमाला उचलून त्याच्यात टाकलं. एवढ्यावर गाव शिव्या देऊन गप बसलं असतं. पण तिथल्या हापिसातून निरोप आला, की जुन्या कचेरीतला तास सरकारजमा करून नव्या इमारतीत लावायचाय. गुरुवारी अकरा वाजता जीप येईल.

आता आत्याचं सांगते, कारण खरा जीव तिचाच टांगणीला होता. आत्या माहेरी येऊन राह्यल्ती, आजोबांच्या मागं टोले तीच द्यायची. पगार-बिगार काही न्हाई. तिच्या वाटच्या तुकड्यात तिनं बदनापूरहून आणलेली मोसंबीची रोपं लावल्ती, आन विहीर होती चुलत काकासोबत सामाईक. पाणी पाळीनं. कचेरीचे दोन वाजले की काकानं आपलं पाटाचं दारं बंद करायचं आन पाणी आत्याकडं सोडायचं. आधी हे काकाच्या मनगटी घड्याळावर चालायचं, आन ते घड्याळ फक्त पाळीच्या दिवशी मागं पडायचं. मंग पंचांनी ठरवलं, घड्याळ कुणाचंच न्हाई, तास म्हणंल ते खरं.

निरोप आला त्या दिवशी काका हॉटेलावर बसून मनगट चोळत म्हणला, "तास गेला की पंचांचा शब्दबी गेला. मंग पाणी माझ्या घड्याळानं."

"घे न," आत्या म्हणली, "आधी तास जाऊ तर दे."

उन्हाळा होता. रोपं माझ्या गुडघ्याएवढी.

गावानं बैठक घेतली. जीपपुढं आडवं व्हायचं, बायामाणसं सगळे. कुणीतरी इचारलं, जमायचं कधी? पाटील म्हणले, "सोपं हाय. अकराचे टोले पडले की ज्यानं त्यानं हातातलं काम टाकून निघायचं." सगळ्यांना पटलं. मलाबी पटलं. जीप कुणाच्या अकराला येणार, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई.

गुरुवारी मी आन आत्या कचेरीच्या पायरीवर. तिच्या मांडीवर आजोबांचं चावीचं घड्याळ, त्यात साडेदहा. आन समोर जीप. बराबर टायमावर आल्ती, त्यांच्या.

कारकून उतरला, संगं दोघं गडी. "बाई, ही सरकारी वस्तू हाय."

"मंग इतकी वर्षं सरकारनं येऊन वाजवायची होती."

"अहो, इथं तालुकाच न्हाई राह्यला, तालुक्याचा तास ठेवून काय करता?"

"तालुका तुमी नेला. टायम न्हाई नेला."

मी आत्याच्या कानात म्हणले, "अकरा हाण ना, जल्दी, गाव टोल्याची वाट पाहून राह्यलंय." तिनं माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी देवळात चप्पल घालून गेल्ते. "साडेदहाला अकरा हाणू? कचेरीत हे कधी झालं न्हाई."

मी गावाकडं पळत सुटले. मागं साखळी खळखळली. मी वेशीपर्यंत पोचायच्या आत जीप माझ्या अंगावर फुफाटा उडवून फाट्याकडं निघून गेलती. मी तशीच वापस फिरले. आत्या रिकाम्या साखळीखाली उभी, मोगरी तिच्याच हातात. ती त्यांनी मागितली नव्हती, तिनं दिली नव्हती.

मला वाटलं आता रडंल. ती म्हणली, "मागं पाटलांच्या नांगराचा झिजलेला तवा पडलाय बघ. एका बाजूनं उचल."

ट्रॅक्टरच्या नांगराचा लोखंडी तवा, गंजलेला, मधी भोक. आमी तो ओढत आणला, भोकातनं तार ओवली, साखळीला टांगला. दोघींचे हात लालेलाल. मंग आत्या पायरीवर बसून घड्याळाकडं पाहत राह्यली. मी म्हणले हाण आता, ती म्हणली होऊ दे. काटा जाग्यावर आला तवाच उठली आन अकरा टोले हाणले. आवाज असा, जसा कुणी पत्र्यावर धोंडे टाकून राह्यलंय.

आन गाव आलं. काठ्या घेऊन, लेकरं कडेवर घेऊन, एक जण दाढीला फेस लावलेला.

पाटील म्हणले, "जीप कुठंय?"

"गेली."

"आन तास?"

"जीपमधी."

"मंग हे वाजलं काय?"

"अकरा," आत्या म्हणली.

पाटलांनी तव्याकडं पाह्यलं. "हा माझा हाय."

"होता," आत्या म्हणली. लोक हसले, पाटीलबी हसले. काका हसला न्हाई. घड्याळ पाहून तो मळ्याकडं निघाला.

दोनच्या आधी आत्यानं मला बांधावर धाडलं. काका दाऱ्याजवळ फावडं टेकून उभा, पाणी त्याच्या कपाशीत. त्याच्या घड्याळाचं त्यालाच म्हाईत. मी त्याच्याकडं बघत उभी राह्यले, हाललेच न्हाई. कचेरीकडून तवा वाजला. दोन टोले, फाटके.

काकानं मान वळवून कचेरीकडं पाह्यलं. मंग म्हणला, "हा काय तास हाय? तवा हाय तवा."

"कचेरीवर टांगलाय पण," मी म्हणले. "तुमी त्या नव्या तालुक्याचं ऐकणार का काका?"

त्यानं मला एक शिवी हासडली, लेकराला देतात तसली. पण फावडं उचललं. आपलं दारं मातीनं दाबलं, आत्याकडचं फोडलं. पाणी वळलं आन पहिल्या मोसंबीच्या आळ्यात शिरलं.

मी कचेरीपर्यंत पळत गेले. आत्या पायरीवर बसून तळहाताला तेल लावत होती. मी धापा टाकत म्हणले, "आत्या, पाणी आलं."

"येणारच," ती म्हणली. "दोन वाजले न."