रिळांमधली तीन मिनिटं

आमच्या मंडळाचा एक नियम होता. वर्षाचा भयपट महोत्सव उरकला की पुढच्या रविवारी आम्ही चौघांनी शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात जमायचं, मिसळ मागवायची आणि कौतुक सुरू होण्याआधी प्रत्येकानं त्या वर्षातली आपली एक चूक आपल्या तोंडानं सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. हा नियम माझ्या मित्रानं काढलेला. असलं काहीतरी त्यालाच सुचायचं, आणि सुचायचं म्हणून तो लोकांना आवडायचा. मी मात्र त्याच्यावर जळायचो. उगाच गोल गोल कशाला सांगू? ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं मी त्या माणसावर नुसता जळत होतो.

महोत्सव म्हणजे चार रविवार, सकाळी नऊला, शाळेच्या हॉलमध्ये एकेक परदेशी भुताचा सिनेमा. हॉल तेवढ्याच वेळेला मोकळा असायचा. बाहेर लख्ख ऊन आणि आत भुतं दाखवायची, म्हणून खिडक्यांना मिलिटरीची जाड ब्लँकेटं ठोकायची. ती देवळाली कॅम्पातला एक दुकानदार द्यायचा, तोही मंडळात होता. चित्रकलेच्या बाई हॉल मिळवून द्यायच्या, पोस्टरं रंगवायच्या. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर. नाशिकरोड स्टेशनवरून सिनेमाचे डबे उचलायचे, प्रोजेक्टर साफ करायचा, रिळं तपासायची, चालवायची, पुन्हा गुंडाळून डबे परत पाठवायचे, हे सगळं माझ्या गळ्यात. आणि चौथा तो, विमा कचेरीतला कारकून. त्याचं काम बोलायचं.

आता बोलायचं काम कसलं, तर प्रोजेक्टर होता एकच. एक रीळ संपलं की ते उतरवून दुसरं चढवेपर्यंत तीनेक मिनिटं पडदा कोरा राहायचा. सिनेमे कुठल्या कुठल्या भाषांतले, खाली अक्षरंही नाहीत. मग तेवढ्या वेळात तो अंधारातच माइक घेऊन पडद्यापाशी उभा राहायचा आणि आत्ता काय झालं, पुढं कोणाकडं लक्ष ठेवायचं, ते सांगायचा. आवाज चढवायचा नाही. शेजारच्या घरात काय घडलं ते सांगावं तसं सांगायचा. भरलेल्या हॉलमध्ये कोणी खोकायचंसुद्धा नाही.

मी टूलरूमचा माणूस. घरी सराव करकरून मी रीळ चढवायचा वेळ निम्म्यावर आणला. कोणीतरी म्हणेल, काय हात आहे गड्याचा. कसलं काय! एका रविवारी त्याचं वाक्य अर्ध्यात असताना मी पडदा उजळला, तर मागून माझ्याच कारखान्यातला एकजण ओरडला, "ओ मिस्त्री, जरा दमानं. त्यांना बोलू द्या की." सगळा हॉल हसला. मी मशीन थांबवलं, त्यानं वाक्य पुरं केलं आणि वर मला हात जोडून दाखवले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमचे मित्र काय बोलतात हो. मी तर रीळ संपायचीच वाट बघते." मी विचारलं, आणि मुळात सिनेमा दिसतो तो कोणामुळं? ती पोळी लाटता लाटता म्हणाली, मशीनमुळं. त्या दिवशी मी जेवताना एक शब्द बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, ह्याचा आणखी राग.

त्या वर्षी शेवटच्या रविवारी एका तळ्याकाठच्या घराचा सिनेमा होता. चार रिळं. आदल्या संध्याकाळी मी आणि माझ्या मित्रानं तो नेहमीसारखा चालवून पाहिला होता. दुसऱ्या रिळात घरातली धाकटी बहीण तळ्यात बुडून मरते, तिसऱ्यात तिच्या फोटोला फुलं वाहिलेली असतात. रविवारी पहिलं रीळ संपल्यावर तो म्हणाला, आता धाकटीकडं बघा, ती तळ्याकडं निघेल. मी दुसऱ्या डब्याला हात घातला आणि तो खाली ठेवला. तिसरा उचलला. चूकबिक काही नाही. डब्यांवरचे आकडे मीच तेलरंगानं घातलेले, अंगठ्याएवढे. मला फक्त त्याचं तोंड पडलेलं पाहायचं होतं. एकदा तरी त्याला शब्द सापडू नये, लोकांनी त्याला हसावं.

पडद्यावर एकदम फुलं वाहिलेला फोटो आला. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. ते रीळ संपलं, तो माइकपाशी गेला आणि बोलायच्या आधी वळून माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, आता फसला बेटा.

तो म्हणाला, "धाकटी कधी गेली ते तुम्ही पाहिलं नाहीत. घरच्यांनीही पाहिलेलं नाही. आता ती पुन्हा घरात दिसेल. तिच्याशी जो जो नेहमीसारखा बोलेल, त्याच्यावर नजर ठेवा."

दुसरं रीळ लागलं. धाकटी नाश्त्याच्या टेबलाशी बसलेली, आई तिच्या बशीत पाव वाढतेय. अहो, साधा नाश्ता तो. पण माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आणि मेलेली पोर पुन्हा तळ्यात उतरली तेव्हा हॉलमध्ये जी शांतता झाली, तशी आमच्या महोत्सवात कधी झाली नव्हती. सिनेमा सुटल्यावर लोक त्याच्याभोवती गोळा झाले. मी गुडघ्यावर बसून रिळं गुंडाळत होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. खड्डा मी खणला आणि मिरवणूक त्याची निघाली.

मग वर्षाची बैठक. दुकानदार म्हणाला, ब्लँकेटांना कसर लागलेली, पडद्यावर उन्हाचे ठिपके पडले, ती माझी चूक. बाई म्हणाल्या, माझ्या पोस्टरवरची कवटी इतकी गोंडस झाली की पहिलीतली पोरं ती मागायला लागली. मग माझी पाळी. खरं सांगायचं तर तिथंच सांगायला हवं होतं, नियमच त्यासाठी होता. पण सांगितलं असतं तर पुन्हा मला मशीनला हात कोणी लावू दिला असता? मी म्हणालो, पहिल्या रविवारी भिंग पुसायचं राहिलं.

शेवटी तो. म्हणाला, "माझी चूक मोठी आहे. रिळं मागंपुढं लावली ती ह्यानं, मुद्दाम. लोक मला शाबासकी देत राहिले आणि मी ती घेत राहिलो. ह्याचं नाव सांगितलं नाही."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. दुकानदार म्हणाला, छुपा रुस्तम आहेस लेका. माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मी मान खाली घालून हसलो. नाही म्हणालो नाही.

बाहेर सायकलींची कुलपं काढताना मी त्याला विचारलं, आत खोटं कशाला बोललास?

"खोटं कुठं बोललो? तूच लावलीस ना?" मग सीटवरची धूळ पुसत म्हणाला, "मी वळून पाहिलं तेव्हा तुझ्या मशीनपाशी दिवा चालू होता. तू हसत होतास."

आवाजात राग नव्हता. लगेच म्हणाला, चल, त्र्यंबक नाक्यापर्यंत बरोबर जाऊ. त्यापेक्षा त्यानं एक कानाखाली दिली असती तर मला बरं वाटलं असतं. वाटभर तो कचेरीतल्या गमती सांगत होता, आणि इतकं होऊनही मी मनात जळतच होतो, की ह्याला हे जमतं कसं.

पुढच्या वर्षीही महोत्सव झाला. तो बोलला, मी रिळं चालवली, लोक आले. फरक एवढाच, की आधी तो नऊला पाच कमी असताना यायचा आणि थेट माइककडं जायचा. आता साडेआठलाच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायला लागला. वाकून सगळ्या डब्यांवरचे आकडे बोट ठेवून वाचायचा, झाकणं उघडून आतली रिळं बघायचा, आणि मग माइककडं जायचा. पहिल्यांदा मला विचारावंसं वाटलं, काय रे, माझ्यावर भरवसा नाही का? मग मी डबे त्याच्याकडं सरकवले आणि त्याचं वाचून होईपर्यंत बाजूला उभा राहिलो.