उणे ऐंशीचे भाऊ

भर मे महिन्यात, महाप्याच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, लोकरीची माकडटोपी घालून कामाला बसणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. टोपीत गोल चेहरा, चेहऱ्याखाली बोटाएवढी जाड सोन्याची साखळी आणि तिच्याखाली लॅबचा पांढरा कोट, ज्याचं पोटावरचं बटण कधीच लागलं नाही. तोंडावर आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. पाठीमागे उणे ऐंशी. ते ज्या फ्रीजरची राखण करायचे त्याचं तापमान तेवढं होतं, आणि नव्या माणसाशी बोलताना त्यांचंही.

त्या फ्रीजरमध्ये डोक्याला मार लागलेल्या माणसांचं रक्त होतं. कुणी बाइकवरून पडलेला, कुणी परांचीवरून, कुणाच्या डोक्यावर द्रोणागिरीच्या गोदामात खोकं कोसळलेलं. हॉस्पिटलात आल्या आल्या रक्त घ्यायचं, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. ते यंत्रात फिरवून वरचं पिवळट पाणी इवल्या नळ्यांत भरायचं आणि गोठवायचं. मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजून मार किती खोल आहे ते सांगता येईल का, हा आमचा अभ्यास. भाऊंना त्यातल्या एकाही प्रथिनाचं नाव येत नव्हतं. सगळ्यांना मिळून ते ‘मेंदूचा पाझर’ म्हणायचे. परदेशी पाहुण्यांसमोरही म्हणायचे. आमचे सर तेव्हा दात आवळून हसायचे.

मी एमएस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील तळोज्याला रंगाच्या कारखान्यात. माझ्या डिग्रीची फ्रेम त्यांनी देव्हाऱ्याच्या वर लावली आहे, म्हणजे देवांनाही ती मान वर करून पाहावी लागते. पहिल्याच दिवशी भाऊंनी विचारलं, “काय शिकलीस बाय?” मी सांगितलं, जरा ताठ मानेनेच.

“बरा. आन दार उघडाला शिकलीस?”

दार उघडण्याची त्यांची पद्धत अशी. आधी फ्रीजरसमोर उभं राहायचं आणि हवी ती नळी कुठे आहे ते मोठ्याने बोलायचं: कप्पा कितवा, रॅक कितवा, डबा कितवा, भोक कितवं. “आधी तोंडान काढ, मंग हातान,” हे त्यांचं वाक्य. बोलताना अडखळलं की परत टेबलावर. एक पीएचडी झालेले गृहस्थ तीनदा परत गेले आणि चौथ्यांदा रजेवर गेले. दार लावलं की भाऊ रबराच्या कडेवरून बोट फिरवायचे, लहान मुलाच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तसे. मग रजिस्टरमध्ये नोंद. नळी एकदा वितळली की एक फुली, दोनदा वितळली की दोन. “एक फुली आजारी, दोन फुल्या मेला,” त्यांनी ठरवून टाकलं होतं. कुठल्या पुस्तकात ते छापलेलं नव्हतं, पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नवीन पुस्तक छापणं सोपं होतं.

नोकरीची त्यांना गरज नव्हती. गावची शेती शहरात गेली आणि बदल्यात चार मजली इमारत उभी राहिली, खालपासून वरपर्यंत भाडेकरू. त्यांची गाडी सरांच्या गाडीपेक्षा मोठी होती आणि ते ती मुद्दाम सरांच्या शेजारीच लावायचे. “घरी बसलो तं बायको भाजी निवडाला लावते,” एवढंच स्पष्टीकरण. पण मला मात्र राग यायचा. चौथी नापास माणसाने मला दार लावायला शिकवावं?

आणि खंडेनवमीला मी तेच चुकले.

लॅबमध्ये त्या दिवशी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. फ्रीजरची माळ भाऊ घरून आणायचे, झेंडूची, हाताच्या मनगटाएवढी जाड. त्या वर्षी सरांना फ्रीजर उघडा, आतून वाफ येते आहे आणि समोर ते स्वतः हात जोडून उभे आहेत, असा फोटो हवा होता. दार उघडं राहिलं, अलार्म बोंबलायला लागला. सरांनी तो बंद करायला लावला. फोटोत आवाज येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. भाऊंच्या हातात आरतीचं ताट होतं. “लाव गो बाय, जोरान,” ते म्हणाले. मी जोरात लावलं. माळेची दोरी रबरात अडकली होती. ती मी पाहिली नाही, आणि सरांनी भाऊंना फोटोसाठी पुढे ओढल्यामुळे त्यांचं बोट त्या दिवशी कडेवरून फिरलं नाही. अलार्मही बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर भाऊंनी वरच्या कप्प्यातली नळी उचलून हलवली. आतलं पाणी हललं. त्यांनी टोपी काढून स्टुलावर ठेवली. आत सगळे केस पांढरे होते, ते मी पहिल्यांदा पाहिले.

वरचा कप्पा माझा होता. माझं दोन वर्षांचं काम, माझा पहिला शोधनिबंध. सर म्हणाले, “भाऊ, आता परत गोठेलच ना? मग कशाला लिहिता? पुढच्या महिन्यात लॅबची तपासणी आहे.” मला लाज वाटते, पण मीही सरांचीच बाजू घेतली. म्हटलं, “भाऊ, मी दहा नळ्या तपासते. रीडिंग बरोबर आलं तर राहू द्या.”

“बरोबर कशाशी?” भाऊ म्हणाले. “वितळाच्या आधीचा रीडिंग हाय तुझ्याकडं?”

नव्हतं.

“पाझर नासला तं आकडा खाली येल. त्या आकड्यावर उद्या कोनी डॉक्टर सांगल, याला काय नाय झाला, घरी न्या. तो घरी जाऊन पडल. मंग? मागून चूक कळली तरी जे मेले त्यांचा रक्त परत तपासाला कोन देनार, तुमी?” हे सरांना उद्देशून होतं. सरांनी मोबाइल पाहिला.

भाऊंनी त्या कप्प्यातल्या प्रत्येक नळीपुढे फुली मारली. खाली लिहिलं: ‘माळेची दोरी दारात अडकली. दार मी लावले.’ आणि सही केली. आठ वर्षांच्या रजिस्टरमधली ती एकच खोटी नोंद. मी शेजारी उभी राहून ती वाचली आणि गप्प बसले.

महिनाभराने कंत्राटाची नवी यादी लागली. तिच्यात भाऊंचं नाव नव्हतं. निघताना मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. “भाऊ, दार मी लावलं होतं.”

“मना काय दिसत नव्हता? माझी नोकरी गेली तं भाडेकरू हसतील. तुझी गेली तं बापाला काय सांगशील? जा, तिकडं फ्रीजर एकटा हाय.” मग त्यांनी ती प्रचंड गाडी अर्धीच बाहेर काढली, आणि सरांचा ड्रायव्हर ओरडेपर्यंत जागा सोडली नाही.

फ्रीजर माझ्याकडे आला. चौथ्या दिवशी सरांनी कोरं रजिस्टर दिलं. “जुनं फार गचाळ झालंय. स्वच्छ अक्षरात उतरवून काढ. तपासणीला हेच दाखवू. त्या माळेचं वगैरे काही नको.” माझा निबंध वाचणार होता. ते त्यांनी सांगितलं नाही, पण तसं पाहिलं.

तीन दिवस मी उतरवत होते. ते पान आलं तेव्हा कप्प्यातली एकेक नळी लिहिली, एकेक फुली मारली. खाली लिहिलं: ‘माळेची दोरी दारात अडकली. दार मी लावले.’ शब्द भाऊंचेच ठेवले. सही माझी केली.

रजिस्टर सरांच्या टेबलावर त्याच पानाशी उघडून ठेवलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. बसायला सांगितलं नाही. मी उभीच राहिले.