डाव्या खिडकीतला हात

माझ्या ट्रकचा डावा इंडिकेटर मी अठरा वर्षांत आरटीओच्या पासिंगचा दिवस सोडला तर कधी वापरला नाही. डावीकडे वळायचं झालं की मामा खिडकीतून हात काढायचा आणि मागच्यांना थोपवायचा. मामा म्हणजे माझा क्लीनर. पेठकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, नात्यातला नाही. "येऊ दे, येऊ दे" हे त्याचं ओरडणं मी दिवसभर ऐकायचो आणि दिवसभर वैतागायचो. उजवीकडचं माझं मला दिसायचं, तिकडे मी इंडिकेटर द्यायचो.

गेल्या पावसाळ्यात घराच्या ओट्यावरून घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून नामपूरचा कांदा मी एकटाच आणतो, डावीकडे वळताना नुसता हॉर्न वाजवत. मध्ये दोन क्लीनर ठेवून पाहिले, दोघांशीही माझं आठवड्याच्या आत वाजलं. खरं सांगायचं तर त्यांची काही चूक नव्हती. ती जागा मला कोणाला द्यायचीच नव्हती. मामा बरा होईल आणि परत येईल, एवढ्यावरच मी दिवस काढत होतो.

मग पासिंगला गाडी नेली, तर डावा इंडिकेटर लागेना. इन्स्पेक्टरने गाडी परत पाठवली, ते मी मामाला फोनवर सांगितलं. द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बल्ब बदलले, फ्यूज बघितला, वायरी तपासल्या. शेवटी स्टिअरिंगखालचा स्विच खोलून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. उजव्या बाजूची पितळी पट्टी घासून पार पातळ झाली होती. डावीवर झीज म्हणून नव्हती, नुसता हिरवट थर चढला होता.

"ही बाजू वापरतच नाही का तुम्ही?" त्याने विचारलं.

"माणूस होता तिकडे," मी म्हणालो. वर उगाच त्याच्यावर खेकसलो, "तुम्ही तुमचं काम करा."

दोन्ही पट्ट्या घासूनपुसून त्याने स्विच परत बसवला आणि दिवा लागतो का बघा म्हणाला. मी डाव्या आरशात पाहिलं. आरसा मामाच्या नजरेने लावलेला होता, मला त्यात अर्धं आभाळच दिसत होतं. खाली उतरून, मागे जाऊन दिवा बघावा लागला. लागत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. संध्याकाळी मामाचा फोन आला.

"पासिंगचं काय झालं रं?"

"झाली. स्विच दुरुस्त केला."

"डावा लागतो?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना. "लागतो," मी म्हणालो.

त्याने मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाबा. लय घोर लागला व्हता. डॉक्टर तर कवाच बोलला, आता गाडीत चढायचं नाय. पर तू एकटा, त्यात डावा दिवा बंद, म्हनून तुला सांगवत नव्हतं."

"मामा, तू आराम कर," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि तसाच केबिनमध्ये बसून राहिलो. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. गाडी नापासच राहिली असती, तर तो अजून काही दिवस माझा क्लीनर राहिला असता.