निळ्याची पारख

सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात सगळे त्यांना तुरटीकाका म्हणत. शहराच्या धुण्याभांड्यांच्या पाण्यात फॉस्फरस असतो. तो तसाच खालच्या तळ्यात गेला, तर शेवाळ माजतं आणि मासे तडफडतात. तुरटीचं पाणी सोडलं की तो गाळ होऊन तळाशी बसतो. किती सोडायचं, ते काका ठरवत. काचेच्या नळीतल्या नमुन्यात औषध टाकलं की पाणी निळं होई. जितकं गडद, तितका फॉस्फरस जास्त. ती नळी ठरावीक निळ्या रंगाच्या सहा नळ्यांशी ताडून बघायची. सव्वीस वर्षांत त्यांची नजर चुकली नव्हती.

घरी बोलायला भिंती. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लांब, फोन रविवारचा. दिवसभरात कुणी हाक मारायचं ते इथेच. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पुढचं ते मनातसुद्धा आणत नसत.

थंडी पडली तसा त्यांनी बायकोनं विणलेला निळा स्वेटर काढला. करडा दिसला. विटला असेल, म्हणून तसाच अंगात घातला. दुसऱ्या दिवशी सहापैकी तीन नळ्या त्यांना सारख्याच दिसल्या. खिडकीशी नेल्या, चष्मा पुसला. तरी तेच. सांगावं तर खुर्ची जाणार, न सांगावं तर तळं. त्यांनी तुरटीचा कॉक जरा जास्त उघडला. मग रोजच जरा जास्त.

पंधरवड्यानं गाळ दाबायच्या यंत्रावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"काका, सगळ्या शहराची दाढी केलीत काय? केवढी ती तुरटी. गाळ उपसून कंबरडं मोडलं माझं."

"पाणी खराब येतंय."

"पाणी तेच आहे हो." बूट चिखलाचे म्हणून तो आत येईना. "स्वेटर झकास आहे पण. असा निळा आता मिळत नाही."

काका बाहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बूट राहू दे. आत ये. ही नळी कुठल्या नळीशी जुळते, सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"निळं कळतं ना. मला कळेनासं झालंय."

त्यानं हात पुसले, नळी उजेडात धरली. "पहिलीशी. जेमतेम निळी आहे."

काकांनी कॉक निम्म्यावर आणला. "साहेबांना उद्या सांगतो."

"मोतीबिंदू असेल. आईचा अर्ध्या तासात काढला."

"सोबत कोण होतं?"

"मीच. एकट्या माणसाला घेत नाहीत ते."

काका नळ्या पुसत बसले. एकच नळी दोनदा पुसली.

"मंगळवारी सुट्टी असते मला," तो म्हणाला आणि आपल्या यंत्राकडे गेला.