दुसऱ्या ट्रम्पेटचं पान

"हे कोण वाजवणार?"

मास्तरांच्या हातात लिहिलेला कागद दिला की पहिला प्रश्न हा. चाल कशी आहे, किती रात्री जागून लिहिलंय, त्याचं काही नाही. खिशातून लाल पेन्सिलीचं थुटुक काढायचं, जिभेला लावायचं, एखाद्या सुरावर टेकवायचं आणि चष्म्यावरून बघत विचारायचं, "मॅडम, हे कोण वाजवणार?" आपण म्हणावं, "ट्रम्पेट." की कागद परत. "ट्रम्पेट काय आपोआप वाजतो? त्याच्या मागं माणूस असतो ना? त्याचं नाव सांग." मला ते मॅडमही म्हणायचे आणि अगंतुगंही करायचे.

मागच्या महिन्यात त्यांची शोकसभा झाली. व्यासपीठावरून एक गृहस्थ म्हणाले, मास्तर म्हणजे लोण्याहून मऊ माणूस. दुसरे म्हणाले, कधी कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी उठून बाहेर आले. तुम्ही मास्तरांच्या हाताखाली एक रविवार काढला असता तर तुम्हीही उठला असतात. मास्तर खडूस होते, हट्टी होते, आणि त्यांनी मला जी एक गोष्ट सांगायला हवी होती ती सांगितली नाही. त्याचा राग ते गेले तरी गेलेला नाही. माझा स्वतःवरचा राग त्याहून मोठा आहे, पण तो पुढे येईलच.

मास्तर मूळचे ट्रॉम्बोनवाले. तरुणपणी मुंबईतल्या एका हॉटेलात सतरा जणांच्या ताफ्यात वाजवायचे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पाठीशी पियानो, गिटार, बास, ड्रम. जॅझ वाजवणाऱ्या अशा ताफ्याला बिग बँड म्हणतात. पुढे हॉटेलवाल्यांना सतरा माणसं परवडेनात, ताफा मोडला आणि मास्तर उल्हासनगरला लग्नाच्या बँडमध्ये आले. डोक्यातले ते सतरा जण मात्र हलले नाहीत.

लग्नाच्या बँडवाल्यांचं एक असतं. आषाढी झाली की लग्नं बंद, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर चार महिने माणसं रिकामी. मास्तरांनी त्या चार महिन्यांवर डोळा ठेवला. दर रविवारी दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बँडच्या दुकानावरच्या खोलीत ते सगळ्यांना गोळा करायचे. भिंतीवर सोनेरी झुपक्यांचे लाल कोट टांगलेले, आणि खाली बनियनवर बसलेली माणसं जॅझ वाजवतायत. चौथा ट्रॉम्बोन मिळाला नाही म्हणून तिथं युफोनियम नावाचं जाडजूड पितळी वाद्य होतं, आणि एका सॅक्सोफोनच्या जागी क्लॅरिनेट. पियानो नव्हताच. तो मी.

मी कात्रपला गणिताचे क्लास घेते आणि गणपतीत एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. फोनवर बिग बँड ऐकून वेडी झाले होते. एकच चाल सतरा जणांत कशी वाटून द्यायची, प्रत्येकासाठी कागदावर कशी लिहायची, हे मला शिकायचं होतं. कुणीतरी या खोलीचा पत्ता दिला.

पहिल्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात एक चाल लिहून नेली. पेटीवर बसवली होती, काळी एकमध्ये. सगळ्यांना तेच सूर लिहून दिले. आता, ट्रम्पेटवाल्यानं 'सी' वाजवला तर पेटीवरचा 'सी' येत नाही, एक सूर खालचा येतो. अल्टो सॅक्सचा आणखीच भलतीकडे. त्या हिशेबानं प्रत्येकाला वेगळं लिहावं लागतं. हे मला कुठं माहीत? सुरुवात झाली आणि एकाच चालीची तीन गाणी एकदम वाजायला लागली. माणसं थांबली. मास्तर ओरडले, "थांबायचं नाही! मॅडमनी लिहिलंय, शेवटपर्यंत वाजवा." आणि त्यांनी ते शेवटपर्यंत वाजवून घेतलं. शेजारच्या दुकानातला सिंधी शेठ वर येऊन विचारून गेला की कुणी पडलं का. मी घरी जाऊन रडले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

दुसऱ्या वर्षी मी लॅपटॉप नेला. त्यात सूर लिहिले की तो स्वतःच वाजवून दाखवतो, सतराही वाद्यं. मास्तरांनी ऐकलं. म्हणाले, "छान वाजवतो. याला दम लागत नाही, याला दात नाहीत, याच्या घरी कुणी आजारी नाही. याच्यासाठीच लिही मग. आम्ही कशाला?" खोलीत सगळे हसले. दात हा शब्द तेव्हा मी ऐकला आणि सोडून दिला.

त्यांच्याकडे एक वही होती. त्यात वाद्यांची पानं नव्हती, माणसांची होती. पहिला अल्टो: कापडाचं दुकान, दिवसभर उभा असतो, लवकर श्वास द्यावा. तिसरा ट्रॉम्बोन: हात आखूड, नळी पूर्ण लांब जात नाही, अगदी खालचे सूर देऊ नयेत. ड्रमवाला: घाईचा, त्याच्या आधी दोन मात्रा सगळ्यांना गप्प ठेवावं. मास्तर ही पानं मला वाचून दाखवायचे, वही हातात द्यायचे नाहीत. दत्तूकाकांचं पान आलं की ते उलटून पुढे जायचे.

दत्तूकाका म्हणजे दुसरा ट्रम्पेट. मूळचे वांगणीकडचे, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. चाळीसेक वर्षं वरातीत फुंकत आलेले. त्यांच्यासाठी मास्तर जे लिहायचे ते बघून माझं डोकं फिरायचं. चाल वर चढायला लागली की दुसरा ट्रम्पेट गप्प. वरचे सूर क्लॅरिनेटला जायचे, आणि चाल खाली आली की काकांना पुन्हा बोलावणं. सगळे खालचे, लांब, सोपे सूर. तीन वर्षांत त्यांना एकदाही एकट्यानं वाजवायला मिळालं नाही. मी एकदा विचारलं, "मास्तर, दत्तूकाकांना कायम उरलंसुरलं का?"

"त्याला शोभतं ते."

मला वाटलं, झालं. इथंही आवडते आणि नावडते आहेतच. शाळेत असतात, ऑफिसात असतात, इथं का नसावेत?

तिसऱ्या वर्षी मास्तरांनी मला एक पूर्ण चाल एकटीनं लिहायला दिली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी अंबरनाथ पश्चिमेला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता, त्यात ती वाजणार होती. माझी आई आगरी, बारवीकडच्या गावातली. तिच्याकडे लग्नात बायका धवला गातात. मी तो धवला घेतला. आईला समोर बसवून दहादा म्हणून घेतला आणि बिग बँडसाठी लिहिला. शेवटच्या कडव्यात चाल एकदम वर जाते, जशी बायकांचीही जाते, आणि तिथं बाकी सगळे थांबून एकटा ट्रम्पेट. दत्तूकाका. मी ते मुद्दाम केलं होतं. न्याय करत होते ना मी!

मास्तरांनी पान बघितलं. "हे कोण वाजवणार?"

"दत्तूकाका."

लाल रेघ. "क्लॅरिनेटला दे."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तो एक शब्द तरी द्यायचा! मी लहान नव्हते, पोरांना शिकवणारी बाई होते. पण नाही. मी क्लॅरिनेटला लिहून दिलं, तालमी तशाच झाल्या. खोडलेलं पान मात्र मी जपून ठेवलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मास्तर माइकवाल्याशी भांडत होते. मी ते पान दत्तूकाकांना दिलं. म्हटलं, "काका, हे तुमचं आहे. तुम्हीच वाजवा."

त्यांनी चष्मा लावून पान बघितलं. वरच्या सुरावर बोट टेकवलं. मग विचारलं, "मास्तर बोलले?"

"हो," मी म्हटलं.

खोटं बोलले मी. इतकं सहज की मलाच नंतर आश्चर्य वाटलं. काकांनी ओठांच्या आतून जीभ फिरवली. म्हणाले, "मास्तर बोलले असतील तर वाजवतो." क्लॅरिनेटवाल्या चाचांना मी सांगितलं, त्या जागी गप्प बसा. चाचांनी विचारलं, "मास्टर को मालूम है ना?" त्यांनाही हो म्हटलं.

धवला सुरू झाला. सॅक्सोफोनांनी चाल धरली आणि हॉलमधल्या आठ-दहा बायकांनी ती ओळखली, गुणगुणायला लागल्या. माझी आई तिसऱ्या रांगेत होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मला आकाश ठेंगणं झालं होतं. शेवटचं कडवं आलं, सगळे थांबले आणि दत्तूकाका उभे राहिले.

पहिले चार सूर आले. पाचवा वरचा. नुसती हवा आली. काकांनी ट्रम्पेट ओठांवर आणखी दाबला. फस्सकन आवाज झाला, फुग्यातली हवा सुटते तसा. त्यांनी तोंडावर हात धरला, आत काहीतरी सरकलं होतं ते बसवलं, आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मागून कुणीतरी शिट्टी मारली. माणसं हसली. मोठी माणसं, बायकापोरांना घेऊन आलेली, संस्कृतीवर भाषणं ऐकून बसलेली माणसं हसली, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी फोन वर धरले. त्या हसणाऱ्यांची तोंडं मला अजून आठवतात आणि अजून थोबाडीत द्यावीशी वाटते. पण काकांना तिथं उभं कुणी केलं होतं? त्यांनी नाही.

मास्तर मागच्या रांगेतून ट्रॉम्बोन घेऊन उठले. तीच चाल खालच्या सप्तकात उचलली आणि वाजवत काकांच्या शेजारी येऊन उभे राहिले, जणू हे असंच लिहिलेलं होतं. बाकीच्यांनी धरलं, धवला संपला, टाळ्यासुद्धा झाल्या. काका खाली बसले होते. ट्रम्पेट मांडीवर आडवा होता.

मग कळलं ते असं: तीन वर्षांपूर्वी काकांचे पुढचे दात काढले होते. कवळी बसवली होती. ट्रम्पेटचा वरचा सूर ओठ दातांवर घट्ट बसल्याशिवाय निघत नाही. कवळीवर खालचे निघतात, वरचे निघत नाहीत. आणि वरातीत तर सगळा कारभार वरच्या सुरांचा, डीजेवर मात करायची असते. बँडच्या मालकाला कळलं तर पुढच्या सीझनला बोलावणं नाही. म्हणून मास्तर तीन वर्षं त्यांच्यासाठी लिहीत होते, इथंही आणि वरातीच्या गाण्यांतही. असं लिहीत होते की वरचा सूर आला की काका गप्प आहेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये. कुणाच्या आलंही नाही. माझ्याही नाही, आणि मी रोज ती पानं अभ्यासत होते.

बँडचा मालक त्या सकाळी पहिल्या रांगेत होता. जिन्यात त्यानं काकांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "काका, लई वर्षं केलं तुम्ही. आता आराम करा." फार गोड बोलला. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला, दुसऱ्या ट्रम्पेटला एक नवा माणूस आला.

हॉल रिकामा झाल्यावर मास्तर माझ्याकडे आले. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मी हो बोललो होतो?"

"नाही."

ते स्टँड गोळा करायला लागले. मग माझाच तोल गेला. "तुम्ही मला सांगितलं का नाही? एक वाक्य, मास्तर! एक वाक्य सांगितलं असतंत तर मी असं केलं असतं का?"

"कुणाला सांगू नका बोलला होता तो," मास्तर म्हणाले. "कुणाला म्हणजे तुला पण."

कधी वाटतं, अडेलतट्टू म्हातारा, एका माणसाची लाज राखायला दुसऱ्याला आंधळं ठेवलं. कधी वाटतं, आंधळं कुठं ठेवलं, प्रत्येक पानावर लिहून तर दिलं होतं. मग पुन्हा राग येतो, आणि कुणाचा ते ठरवता येत नाही.

त्यानंतर मास्तरांनी मला बोलावलं नाही. मी लिहून पाठवलेली पानं परत यायची, त्यांच्यावर एकही लाल रेघ नसायची.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते मार्गशीर्षात, दत्तूकाकांच्या घरी. काकांची माफी मागायला गेले होते. कॅम्प चारमधली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. जिन्यातच ट्रम्पेट ऐकू आला. पाच सूर, वर जायचे आणि खाली यायचे. नवशिक्याला पहिल्या दिवशी देतात तो धडा. एक सूर निसटायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून.

दार उघडं होतं. काका दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. मास्तर त्यांच्या समोर पलंगावर, मांडीवर ट्रॉम्बोन. "परत," ते म्हणत होते. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं. ट्रॉम्बोन गादीवर ठेवला, काकांना हातानं चालू दे अशी खूण केली आणि बाहेर आले.

"तू आलीस कळलं तर थांबेल तो," ते म्हणाले.

"मला फक्त माफी मागायचीय."

"माफी तुला पाहिजे. त्याला सूर पाहिजे. जा."

त्यांनी दार लोटून घेतलं. आत पुन्हा पाच सूर सुरू झाले. मी दोन पायऱ्या उतरले तर जिन्यात माझ्या चपला वाजायला लागल्या. मी त्या काढून हातात घेतल्या आणि तीन मजले अनवाणी उतरले.