केसाळ टोपीचा रेकॉर्डर

जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी एक मुलगी शहरातून आमच्या घरी आली. तिच्याजवळ दोन रेकॉर्डर होते. एक काडेपेटीएवढा, घरात वापरायचा. दुसरा मोठा, अंगणातला. वारा लागू नये म्हणून त्याला केसाळ टोपी. मला ते मांजराचं पिल्लूच वाटलं.

कोणता बरा ते बघायला तिने मला एकच ओवी दोनदा म्हणायला लावली. आधी घरात दळताना, मग अंगणात बसून. "आजी, सूनबाईंना येतात का ओव्या?" तिने विचारलं. अंगणाच्या कडेला माझी सून सुरेखा भांडी घासत होती. तिला ऐकू जाईल असंच मी म्हटलं, "तिला कसल्या येतात? तोंडात शब्द नाही तिच्या."

मग मुलीने दोन्ही ऐकवले. घरातल्यात माझा आवाज आणि जात्याची घरघर. अंगणातल्यात मी, कावळा, भांडी, आणि त्यामागे दुसरी बाई. तीच ओवी, हळू. माझा दम संपला तिथेही ती म्हणतच होती.

"हे कोण?" मुलगी म्हणाली. सुरेखाचे हात राखेत थांबले.

माझे कान अजून धड आहेत. पण माणूस हवं तेवढंच ऐकतो. यंत्राला सासू-सून माहीत नाही.

जात्याचा खुंटा दोघींनी धरला की दळण हलकं होतं. मी तो एकटीच धरत आले.

"हात धू," मी सुरेखाला म्हटलं, "आणि खुंट्याला बस."

ती येऊन बसली. मान मात्र मलाच वर करवेना.